झेंड्याला बांधलेली माळ

आधी आंटींचं सांगतो, काय घडलं ते नंतर. आमच्याकडे उलटं असतं. सगळी हकिकत सांगून झाली की शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘आणि हो, त्यांचीपण मदत झाली बरं का.’ तोवर ऐकणारे उठून चपला शोधत असतात. म्हणून आधीच लिहून ठेवतो. दुबईच्या बाहेर लाल वाळूच्या भागात आमचा बाईकचा कॅम्प आहे. तिथे बुकिंगच्या टेबलाशी वसईच्या आंटी बसायच्या. त्या नसत्या, तर मी आज हे लिहायला इथे नसतो. कदाचित कुठेच नसतो.

टेबलाशी बसायच्या असं म्हटलं खरं, पण बसलेल्या मी त्यांना फार कमी वेळा बघितलं. पन्नाशी केव्हाच मागे पडलेली, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर गवती टोपी, गळ्यात सोनसाखळीला क्रूस आणि दुसऱ्या एका काळ्या दोरीला शिट्टी. बुटांत कायम वाळू. ऑफिसात आल्या की बूट काढून खिडकीबाहेर झटकायच्या आणि म्हणायच्या, “चला, अर्धं वाळवंट परत केलं.”

आमच्याकडच्या गाड्या म्हणजे चार जाड चाकांच्या, वाळूत पळणाऱ्या बाईक. इथे त्यांना क्वाड म्हणतात. लोक शहरातून येतात, हेल्मेट घालतात आणि आमचा एक माणूस पुढे, एक मागे अशा रांगेत वाळूच्या डोंगरांतून तासभर फिरून येतात. मी आलो तो या गाड्या धुवायला आणि किरकोळ दुरुस्तीला. गाव कऱ्हाडजवळ. तिथे बारा वर्षं गॅरेजात काम केलेलं, त्यामुळे इंजिनाची मला भीती नाही. बाकी बहुतेक गोष्टींची आहे.

शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे काय, मीच सोडली. वर्गात उभं राहून इंग्रजीचा धडा वाचायचा होता आणि पुढचा नंबर माझा होता. पोटात असा गोळा आला, की दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय सांगून घरी राहिलो. तिसऱ्या दिवशीपण राहिलो. मग ते दुखणं कायमचंच झालं. आजही कुणी इंग्रजीतला कागद पुढे सरकवला, की पहिल्यांदा पोटाला कळतं, मग डोळ्यांना.

आंटींशी माझं बोलणं सुरू झालं ते त्यांची क्वाड बंद पडायची म्हणून. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, सकाळी उजाडलं की त्या एकट्याच वाट बघायला निघायच्या. एकदा प्लगने त्रास दिला, तर मला हाक मारली, “ए कऱ्हाड, चल माझ्याबरोबर. बंद पडली तर ढकलायला माणूस पाहिजे.”

मी विचारलं, “आंटी, वाट तर कालच बघितली ना? रोज काय बघायचं?”

“काल बघितली ती काल होती,” त्या म्हणाल्या. “तुमच्या गावाला डांबरी रस्ता रात्रीत उठून दुसरीकडे जातो का? इकडे जातो. बस मागे.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की इथे रस्ता बांधत नाहीत, रोज शोधतात. वारा एका अंगाने येतो आणि वाळू चढवत नेतो. त्या अंगाला चढ सोपा आणि घट्ट असतो. माथ्यावरून पलीकडे मात्र वाळू नुसती सांडलेली असते, कड्यासारखी सरळ. काल जिथून आरामात उतरलो, तिथे आज सुरीच्या पात्यासारखी धार आलेली असते. लोक फोनमध्ये कुणीतरी टाकलेली वाट उतरवून घेतात आणि त्या रेघेवरून सुसाट सुटतात. आंटी म्हणायच्या, “फोनमधली वाट गेल्या महिन्यातली. वाळूला फोन दाखवून काय उपयोग? वाळू बघ.”

त्यांचा एकच नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता: माथा आला की थांबायचं, उतरायचं, चालत वर जायचं, पलीकडे बघायचं. मगच गाडी. बघून झालं की परत बघायचं, कारण आपण गाडीवर बसेपर्यंत पलीकडे कुणीही येऊ शकतं. दुपारच्या उन्हात तर निघायचंच नाही, कारण सूर्य डोक्यावर असला की सावली पडत नाही आणि खड्डा, कडा, सपाटी सगळं एकसारखं दिसतं. चाकांतली हवा कमी ठेवायची. एकट्याने जायचं नाही. (त्या स्वतः एकट्या जायच्या. ते मी एकदा बोललो, तर म्हणाल्या, “म्हणून तर आता तुला नेते.”) शेवटच्या माणसाने थांबल्याबरोबर इंजिन बंद करायचं, कारण रांगेत एकाला तरी पलीकडचं ऐकू आलं पाहिजे. आणि झेंडा. प्रत्येक गाडीच्या मागे माणसापेक्षा उंच, लवचीक काठी आणि तिच्या टोकाला भगव्या रंगाचा छोटा झेंडा. आपण चढत असताना आपलं डोकं पलीकडच्याला दिसत नाही, पण त्याआधी झेंडा माथ्यावर वर येतो. समोरून मोठी गाडी येत असली, तर तिला तेवढंच काय ते दिसतं.

मला हे सगळं लिहून घ्यायचं होतं. आंटींकडे इंग्रजीतलं जाड पुस्तक होतं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि माझा चेहरा बघून परत कपाटात टाकलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही दिली.

“तुझ्या भाषेत काढ. चित्रं काढ, नावं दे, काय वाट्टेल ते कर. वाळूला इंग्लिश येत नाय.”

मग मी नावं देत गेलो. लांबट, गुळगुळीत टेकाडाला ‘म्हशीची पाठ’. मधेच खोलगट आणि गोल होतं, ती ‘परात’. एक धारदार वळलेली कड होती, जिच्या शेजारच्या खिंडीतून वाट पलीकडे जायची. खिंडीला दोन्ही बाजूंनी चढ, त्यामुळे या अंगाला असलेल्याला त्या अंगाचं काही दिसायचं नाही. तिला मी नाव दिलं, ‘सासूचं नाक’. आंटी हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, “बायको वाचेल कधीतरी ही वही, मग बघ.” ही नावं वॉकीटॉकीवर कधी गेली ते मलाच कळलं नाही. महिन्याभरात आमच्यातला नेपाळी गाईड गंभीर आवाजात बोलायला लागला, “सासूचं नाक क्लियर, ओव्हर.” त्याला अर्थ ठाऊक नव्हता. त्याला वाटायचं, अरबी आहे.

अशी दोन वर्षं गेली. टेकाडं जागा सोडत राहिली आणि मी वहीत खोडून नव्याने काढत राहिलो. तिसऱ्या वर्षी सीझन सुरू होताना अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, सगळ्यांना बोलावलं. गाड्या धुण्याचं काम आता जबल अलीच्या एका कंपनीला दिलं होतं. त्यांची माणसं त्यांच्याच बसमधून येणार. मग माझं काय? अरबाब हिंदी छान बोलतो. तो म्हणाला, “देखो, धोने का काम खलास. आगे चलने वाला आदमी चाहिए मेरे को. बन सकता है तो बनो. नहीं तो सीझन के बाद घर.”

पुढे चालणारा, म्हणजे रांगेचा गाईड. तो व्हायला एक फेरी आपल्या भरवशावर न्यायची. आंटी मागे राहणार आणि परत आल्यावर त्या कागदावर सही करणार, की हा माणूस चालेल. त्यांची सही नसेल तर नाही.

घरी बायको, आई-वडील आणि पहिलीत जाणारी मुलगी. मुलगी फोनवर मला तिचं पुस्तक वाचून दाखवते. इंग्रजीचं. उभी राहून वाचते, मोठ्याने. तिला कुणी उभं राहायला सांगितलेलं नाही, तरी राहते. तिच्यासाठी मला हे काम टिकवायचं होतं. ती तशीच उभी राहावी, मधेच खाली बसायची वेळ तिच्यावर येऊ नये. बस, एवढंच होतं माझं. पण तेवढ्याने झोप उडाली.

फेरीचा दिवस ठरला तो नेमका दसरा. मला वाटलं, हा तर शकुनच झाला.

गॅरेजात आमच्याकडे खंडेनवमीला पाने-स्क्रू ड्रायव्हर धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याला प्रत्येक गाडीला झेंडूची माळ. माळ बांधल्याशिवाय गाडी बाहेर काढली, तर मालक अंगावर धावून यायचा. इथे दोन दसरे मी मनातल्या मनात केले होते. या वेळी मात्र आदल्या दिवशी सुट्टी मागितली, बस बदलत बर दुबईला गेलो. देवळाच्या गल्लीत फुलवाल्यांकडे ही गर्दी. तिथे उभा राहिलो आणि वासानेच डोळ्यांत पाणी आलं. एक माळ पुरली असती. मी दोन घेतल्या, आणि त्याही जाडजूड. भीती जेवढी, माळ तेवढी.

सकाळी गाडी धुतली, पुसली, हळदकुंकू लावलं. मग माळ कुठे बांधायची? हँडलला बांधली तर हात अडकेल. पुढे बांधली तर इंजिनाची हवा अडेल. गॅरेजवाला माणूस मी, एवढं मला कळत होतं. मग नजर वर गेली. काठी! सगळ्यात उंच जागा. दोन्ही माळा मी काठीला टोकापासून गोल गोल गुंडाळत आणल्या आणि मधे झेंडा फडफडून फुलं तोडत होता, म्हणून तोही आत गुंडाळून टाकला. भगव्या झेंड्यावर भगवी फुलं. लांब उभं राहून बघितलं. वाटलं, झेंड्यापेक्षा जास्त उठून दिसतंय की. इतका आनंद झाला, की फोटो काढून घरी पाठवला.

आंटी त्या वेळी ऑफिसात आलेल्या लोकांच्या सह्या घेत होत्या. माझी गाडी त्यांनी बघितली नव्हती.

आलेलं गिऱ्हाईक म्हणजे मराठीच कुटुंब निघालं. अबुधाबीकडून, मोहम्मद बिन झायद सिटीतून पहाटे निघून आलेले. साहेब कंत्राटाच्या धंद्यातले. बरोबर वहिनी आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी. वहिनींनी माळ बघितली आणि टाळ्याच पिटल्या.

“अहो, इकडे या, बघा! वाळवंटात दसरा! किती छान हो दादा. थांबा, फोटो काढू दे.” मग मुलीला, “बाळा, उभी राहा ना इथे जरा.”

मुलगी म्हणाली, “ममा, कॅन वी प्लीज जस्ट गो?”

साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “जरा जपून हां. तिची आई उत्साहात काहीही करते.” मी मान डोलावली.

रांग लागली. पुढे मी, मग मुलगी, वहिनी, साहेब आणि सगळ्यात शेवटी आंटी. आंटी घाईघाईत हेल्मेट घालून मागे येऊन थांबल्या आणि त्यांनी लांबून हात वर केला: यल्ला, म्हणजे चला.

म्हशीची पाठ नीट पार झाली. परातीपाशी थांबलो, पाणी प्यायलो. वहिनींनी बॅगेतून आपट्याची पानं काढून प्रत्येकाच्या हातात दिली, मला दिलं, मागे जाऊन आंटींनाही दिलं. आंटींनी ते शिट्टीच्या दोरीत खोचलं. मला जरा धीर आला. वाटलं, जमतंय.

मग सासूचं नाक.

खिंडीच्या खाली मी थांबलो. हात वर केला, मागे सगळे थांबले. उतरलो. चालत वर गेलो. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वर जाऊन पलीकडे बघितलं: काही नाही. लाल वाळू, लांब दोन उंट, बस. खाली आलो, गाडीवर बसलो, हेल्मेट घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा काही बसेना. काढून परत लावला. परत सुटला. मुलगी मागून म्हणाली, “अंकल, ऑल ओके?” मी म्हटलं, “येस, येस.” तिसऱ्या वेळेस पट्टा बसला. यात किती वेळ गेला असेल? मिनिटभर, कदाचित जास्त. खरं तर तेवढ्यासाठी परत उतरून वर जायला हवं होतं. आंटींचा नियमच होता तो. पण सगळे बघतायत, वेळ जातोय, आंटी सही करणार आहेत. मी गाडी चढाला घातली.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. आंटींनी नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं होतं. त्यांना पलीकडून मोठ्या गाडीचा आवाज आला, चढ चढत येणाऱ्या गाडीचा. तोवर लांबून भगवं टोक दिसत होतं, म्हणून शंका आली नव्हती; आता त्यांनी माझ्या काठीकडे नीट बघितलं. सपाटीवर उभी होती तोवर दिमाखात दिसणारी ती काठी, चढाला लागल्याबरोबर माळांच्या वजनाने मागे वाकली होती, पार माझ्या पाठीमागे. माथ्यावर वर येणारं काहीच नव्हतं. त्यांनी शिट्टी मारली. तीनदा. मला हेल्मेटमध्ये माझ्याच इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मग आंटींनी स्वतःचाच नियम मोडला. शेवटच्या माणसाने शेवटीच राहायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. त्यांनी गाडी चालू केली, डावीकडच्या उतारावरून सगळ्यांना ओलांडून सरळ माथ्यावर नेली आणि कडेवरच ब्रेक लावला, म्हणजे त्यांचा झेंडा वर दिसेल. झेंडा दिसला. मऊ कड मात्र त्यांच्या चाकाखालून सुटली आणि गाडी त्यांच्यासकट आडवी झाली.

मी खिंडीत वर आलो तेव्हा समोरून एक पांढरी मोठी गाडी माझ्या उजव्या हाताला, पाच-सहा हातांवरून खाली घसरत गेली आणि वाळूत रुतून बसली. तिच्या ड्रायव्हरने आंटींचा झेंडा बघून अगदी वेळेवर चाक फिरवलं होतं. दोघं उतरले. चेहऱ्याचा रंग उडालेला. एकाने मला विचारलं, “भाई, तुम्हारा फ्लॅग किधर है?”

मी मागे वळून बघितलं. काठी वाकलेली, फुलं लोंबतायत आणि झेंड्याचं नाव नाही.

आंटी बसल्या होत्या. गाडी त्यांच्या पायावरून आम्ही उचलली. उजवा गुडघा धरून त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या, प्रार्थना असावी. डोळे उघडल्यावर मात्र प्रार्थना नव्हती.

“अरे गाढवा, देवाला गाडी दिसावी म्हणून माळ बांधलीस आणि माणसाला दिसेनाशी केलीस!”

मी हात जोडून उभा.

“काढ ती. आण इकडे.”

मी माळा सोडवून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक हातात धरून जोखली. “दोन्ही मिळून दोन किलोच्या वर आहेत. मला विचार. वसईत लहानपणी डोक्यावर झेंडूच्या टोपल्या वाहिल्यात मी, बाजारात. ओल्या फुलांचं वजन कुणाला सांगतोस?” मला वाटलं, आता भिरकावून देतील. पण त्यांनी एका माळेचा दोरा तोडला, बोटाएवढा तुकडा काढला आणि म्हणाल्या, “एवढी. हँडलच्या मधोमध. देवाला एवढी पुरते. बाकीची गाडीच्या खोक्यात ठेव, संध्याकाळी नीट विसर्जन कर. फेकू नको.”

तोवर खाली थांबलेले वर आले होते. मुलीने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, “दॅट वॉज सो कूल!” वहिनींनी तिच्या हेल्मेटवर फाडकन चापट मारली. हेल्मेट तिच्या हातात होतं म्हणून बरं. मग त्याच वहिनींनी आपली ओढणी काढून आंटींच्या गुडघ्याला बांधली.

मी म्हटलं, “आंटी, परत जाऊ. तुम्ही पुढे व्हा, मी मागे राहतो. मला नाही जमणार हे.”

“मी पुढे? या गुडघ्याने माथे चढू?” त्या म्हणाल्या. “तू नेलंस इथपर्यंत, तूच परत नेणार. ही माणसं तुझ्या भरवशावर आलीत. झेंडा मोकळा कर, पट्टा बांध आणि पुढे हो. आणि बाबा, हळू.”

मग मी नेलं. आंटींना उचलून त्यांच्या गाडीवर बसवलं, त्या हळूहळू मागून आल्या. प्रत्येक माथ्याला थांबलो, उतरलो, चालत गेलो, बघितलं. खाली आल्यावर परत एकदा चालत गेलो. तासाची वाट दीड तास झाली. कुणी तक्रार केली नाही. मधे वॉकीटॉकीवर नेपाळी गाईडने विचारलं, “किधर हो?” आंटी मागून बोलल्या, “म्हशीची पाठ. आराम से आ रहे हैं.”

ऑफिसात आल्यावर कुटुंबाने निरोप घेतला. साहेबांनी माझा हात बराच वेळ हातात धरला. रागावले नाहीत. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग आंटींनी पाय खुर्चीवर ठेवला, बर्फाची पिशवी गुडघ्यावर आणि अपघाताचा कागद पुढे ओढला. “सांग. मी लिहिते.”

“आंटी, माळेचं लिहायलाच पाहिजे का?”

“माळेचं नाही लिहिलं तर काय लिहू? वाऱ्याने झालं?”

मी सांगितलं. सगळं, पट्ट्याचंही. त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि मग एकेक ओळ मला मराठीत वाचून दाखवली. “बरोबर आहे? तू म्हणालास तेवढंच आहे ना?” मी मराठीत सही केली. शाळेतल्यासारखं पळून जावंसं मात्र नव्हतं वाटत. त्या खुर्चीवरून उठू शकत नव्हत्या, मग मी कसा पळणार?

अरबाब आला. कागद वाचला, दोनदा. मग खालचा दुसरा कागद बघितला, ज्याच्यावर आंटींची सही हवी होती. ती होती. त्याने आंटींच्या गुडघ्याकडे बघितलं.

“मॅडम, इसके वजह से आपका ये हाल. फिर भी साइन?”

आंटी म्हणाल्या, “ये उतरके चलके गया, अरबाब. सच में चलके गया. मैं पीछे से देख रही थी. बाकी लोग गाडी पे खडे होके देखते हैं और बोलते हैं देख लिया. माला तो निकाल दी. चलके जाने की आदत कौन लगाएगा?”

 टेबलावर मी खोक्यातून काढून आणलेल्या माळा होत्या. अरबाबने त्यातलं एक फूल उचललं, वास घेतला. “फूल अच्छा है,” तो म्हणाला. “जगह गलत.” मग माझ्याकडे न बघताच, “एक महिना मॅडम पीछे रहेगी. देखेगी. उसके बाद, इन्शाल्ला, अकेला. खलास.”

मी बाहेर येऊन गाड्यांच्या मागे सावलीत बसलो आणि रडलो. कुणी बघितलं नाही. निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी आंटी म्हणाल्या, “रडून झालं असेल तर पाण्याच्या बाटल्या भर उद्याच्या.”

महिनाभर आंटी मागच्या जीपमध्ये, गुडघ्याला पट्टा बांधून. माझ्या प्रत्येक थांब्यावर वॉकीटॉकीवर एकच शब्द, “परत.” म्हणजे परत चालत जाऊन बघ. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी खिंडीपाशी थांबलो, जाऊन बघून आलो आणि वाट बघत राहिलो. काही आवाज आला नाही. मी आपणहूनच परत गेलो. खाली आलो तेव्हा वॉकीटॉकीवर त्या म्हणाल्या, “आता ठीक आहे.”

त्याला आता वर्ष होत आलं. कॅम्पवर काठीला काहीही बांधायचं नाही, हा नियम झाला. भिंतीवर इंग्रजी, हिंदी, उर्दूत लिहिलेला आहे आणि खाली मराठीतही, तो मी लिहिला. माझं काम टिकलं. मुलगी दुसरीत गेली.

आंटी क्वाडवर मात्र परत बसल्या नाहीत. उन्हाळ्यात सामान बांधून कायमच्या वसईला गेल्या. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. व्हीलचेअर घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी बसल्या. मी म्हटलं, “आंटी, माझ्यामुळे झालं हे.”

“माझा गुडघा आधीच गेलेला होता रे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या माळेला कशाला क्रेडिट देतोस?”

खोटं बोलल्या. त्या दसऱ्यापर्यंत मी त्यांना टेकाडं चढताना रोज बघत होतो.

परवा त्यांचा आवाज आला फोनवर. मागे कोंबडे ओरडत होते. म्हणाल्या, वाडीत झेंडू जोरात आलाय, भावाची मुलं ऑफिसला जातात, दसऱ्याला टोपल्या बाजारात न्यायला माणूस मिळत नाही. आणि मग, “तुमच्याकडे वारा कुठून आहे आता? नाक सरकलं का?” मी सांगितलं, हातभर पूर्वेला गेलंय. “वहीत लिहिलंस?” लिहिलं.

आंटी, हेही वहीत लिहितो, म्हणजे मला पळता येणार नाही. या दसऱ्याला मला सुट्टी नाही, पुढच्याला कदाचित नसेल. पण एका दसऱ्याला मी वसईला येणार. पहाटे वाडीतून झेंडूच्या टोपल्या निघतील, त्या सगळ्या मी उचलेन. तुम्ही काठी टेकत पुढे चला, वाट तुम्हाला माहीत आहे. मी टोपली घेऊन तुमच्या मागे येईन. त्या दिवशी शेवटचा मी.